कोळंबीच्या छोट्या नर्सरीत बीज उतरवताना

भारतात व्हेनामी या परदेशी जातीच्या कोळंबीच्या संवर्धनाला 2009 मध्ये परवानगी मिळाली. मात्र तळ्यात सोडण्याआधी पिल्ले काही आठवडे टाकीत वाढवणाऱ्या कोकणातील छोट्या नर्सरीचालकाला तिचे बीज, म्हणजे लहान पिल्ले, आजही बहुधा आंध्र प्रदेश किंवा तमिळनाडूतील हॅचरीतूनच (अंडी उबवून पिल्ले तयार करणाऱ्या केंद्रातूनच) मागवावे लागते, आणि पुढे होणाऱ्या नुकसानीचे मूळ बरेचदा या खरेदीतच असते.

हॅचरी कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर ऑथॉरिटी या केंद्रीय नियामक संस्थेकडे नोंदलेली असल्याची खात्री करावी आणि पॅकिंगपूर्वी आपल्या हिश्शाच्या टाकीतील नमुन्याची पीसीआर तपासणी (रोगजंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करून घ्यावी. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू एकदा भडकला की कोळंबी झपाट्याने मारतो, त्यामुळे तो लपत नाही. ईएचपी हा सूक्ष्म परजीवी अधिक फसवा आहे, कारण पिल्ले जगतात, खाद्यही खातात, परंतु त्यांची वाढ खुंटते आणि तोटा थेट तळ्याच्या काढणीत दिसतो. दर पाहून बिनतपासणीचे बीज घेणे म्हणूनच महागात पडते. जोम पाहण्यासाठी शंभर पिल्ले 15 पीपीटीने (हजार भाग पाण्यात 15 भाग क्षार इतक्या फरकाने) कमी क्षारतेच्या पाण्यात दोन तास ठेवावीत. पाचांहून अधिक मेल्यास ते बीज नाकारावे.

खाडीचे पाणी भरतीच्या वेळी घेऊन बारीक जाळीच्या पिशवीतून गाळावे. त्यानंतर दर हजार लिटरला 30 टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर 100 ग्रॅम घालावी आणि ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारे यंत्र) चालू ठेवून क्लोरीन पूर्ण उडाल्याचे किटने तपासल्याखेरीज बीज सोडू नये. पावसाळ्यात खाडीची क्षारता झपाट्याने उतरते. त्यामुळे आपल्या टाकीची क्षारता हॅचरीला आधीच कळवून बीजाच्या पाण्याची क्षारता तिथेच त्या पातळीजवळ आणून घ्यावी.

पिशव्या पोहोचताच त्या फोडण्याची घाई सर्वांनाच होते. तापमान जुळेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा तास, त्या बंदच टाकीत तरंगत ठेवाव्यात. नंतर टाकीचे पाणी मगाने थोडेथोडे मिसळत क्षारतेतील बदल तासाला दोन-तीन पीपीटीच्या आत ठेवावा. सामू 7.5 ते 8.5 आणि विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम असावा.

खाद्य थोडे कमीच द्यावे, कारण उरलेल्या खाद्यातून अमोनिया वाढतो आणि सामू चढल्यास तो अधिक विषारी ठरतो. दुकानदार सुचवील ते औषध टाकीत ओतू नये; क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांवर तर बंदीच आहे. वीज जाण्याचा भरवसा कोकणात धरावाच लागतो, तेव्हा जनरेटर बीज येण्याआधी चालवून पाहावा.

तीन-चार आठवड्यांनी पिल्ले तळ्यात हलवताना पहाटेची वेळ निवडावी आणि तळ्याची क्षारता आदल्या दिवशीच मोजून ठेवावी.