कारवान आणायच्या आधी घर तपासा

कर्नाटकातल्या मुधोळला पिल्लू बघायला गाडी ठरवण्याआधी एक रविवार काढा आणि ज्याच्याकडं तीन-चार वर्षांचं कारवान जातीचं कुत्रं (काहीजण मुधोळ म्हणतात) आहे, त्याच्या अंगणात जाऊन नुसतं बसा. पिल्लावरून काही कळत नाही, पिल्लं सगळीच गोड. मोठं कुत्रं तुम्हाला लांबून हुंगेल, वळसा घालून जाईल आणि भिंतीकडंच्या पोत्यावर पाठ करून बसेल. हात पुढं केलात तर मान काढून घेईल. हे बघून ‘लै माज दिसतोय’ असं तोंडातून निघालं, तर गाडी रद्द करा. लॅब्राडोर आणा, दोघंही सुखात राहाल. टपाल खात्यानं 2005 साली तिकिटावर छापलं म्हणून किंवा फोटोत रुबाबदार दिसतं म्हणून हे कुत्रं आणू नये.

तरीही मन होत असेल, तर मग आपलं दार बघा. पेठेतल्या घराला दिवसभर कडी नसते. दूधवाला, शेजारच्या काकू, तालमीतली पोरं थेट सोप्यात. या कुत्र्याला परक्याचा हात सहसा खपत नाही. आल्या-गेल्याला ‘हात लावू नका, तेच येईल’ हे रोज सांगायची तयारी आहे का? रस्सा मंडळाच्या, म्हणजे मित्रमंडळी मटण-रश्शाला जमतात त्या रात्री आणि गणपतीत डॉल्बी दारावरून जाताना त्याला बसायला आतली शांत खोली लागेल, ती आत्ताच ठरवा.

कंपाउंड मात्र टेप लावून मोजा. हे नजरेनं शिकार करणारं कुत्रं. खांद्याला सत्तर सेंटिमीटरच्या आसपास, आणि समोर काही पळालं की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. आमची भिंत चार फुटांची होती. आमच्या कुत्रीनं, बिजलीनं, ती पुढचे पाय टेकवत ओलांडली आणि शेजाऱ्याची कोंबडी थेट उसात गाठली. कोंबडीचे पैसे दिले, वर महिनाभर बोलणी खाल्ली. भिंत सहा फूट हवी, फाटकाखाली फट नको. साधा पट्टाही चालत नाही. डोकं एवढं निमुळतं की मागं सरकलं की सुटलंच. रुंद पट्टा घ्या. पळायला बंदिस्त रान शोधा, कोल्हापुरात रंकाळा तलावावर सकाळच्या गर्दीत सोडायचा विचारसुद्धा नको.

खाण्याचं फार अवघड नाही. भाकरी-दुधावर गावाकडं पिढ्या वाढल्या, पण अंडी-मटणही लागतं. रश्शातली शिजलेली हाडं मात्र देऊ नका, ती फुटून आतड्यात टोचतात. बरगड्या थोड्या दिसणारच. ‘खायला घालत नाही काय?’ असं गल्ली विचारणार, हसून सोडा. अंगावर चरबी नाही, केस आखूड, त्यामुळं जुलैच्या झडीत त्याची जागा घरात, घोंगड्यावर. ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना जात आधी सांगा. अशा सडपातळ शिकारी कुत्र्यांना भुलीची काही औषधं उतरायला वेळ लागतो. रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात, पुढचं वेळापत्रक तेच लिहून देतील.

शेवटचं, आणि हे टाळू नका. हे कुत्रं घरातल्या एक-दोघांनाच धरतं आणि बारा-तेरा वर्षं जगू शकतं. हट्ट करणारा मुलगा बारावीनंतर पुण्याला जाणार असेल, तर कुत्रं आईच्या वाट्याला येणार. तिला विचारा. ‘बघू’ म्हणाली, तर तो नकार समजा.