रीफ टँकमध्ये पॉड्स टिकत नाहीत? या चुका टाळा

रीफ टँकसाठी (प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक) कोपेपॉड्सची, म्हणजे मासे खातात त्या बारीक कवचधारी जीवांची, बाटली आणली, ओतली, पंधरा दिवसांनी बघतो तर टँकमध्ये एक पॉड नाही, मग परत ऑर्डर. बऱ्याच जणांचं हेच चालू असतं आणि शिव्या खातो दुकानदार. बाटली बहुतेक वेळा ठीकच असते हो, आपणच त्यांना लपायला जागा आणि वाढायला वेळ देत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मासा आधी आणि पॉड्स नंतर. मँडरिन हा छोटा रंगीत मासा दुकानात दिसला की राहवत नाही, मान्य, पण तो दिवसभर खडकावरून एकेक पॉड टिपत फिरतो, फ्रोझन खाण्याला बरेचसे मँडरिन तोंडही लावत नाहीत, आणि वर सिक्स लाईन रास हा मासा असेल तर तोही त्याच ताटात जेवणार. टिस्बे या कोपेपॉडच्या जातीची एक पिढी मोठी व्हायला साधारण दोन आठवडे जातात, तोवर आईबापच पोटात गेले तर पिल्लं कुठून येणार? ड्राय रॉकवर (कोरड्या, निर्जीव खडकावर) टँक केला असेल तर सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होण्याचा काळ) संपू दे, काच-खडकांवर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर दिसला की पॉड्स सोडा. मँडरिन त्यानंतर काही महिन्यांनी.

जातही बघून घ्या. टिग्रिओपस हा दुसरा पॉड लालसर, मोठा, डोळ्यांना दिसतो म्हणून लोक तोच मागतात. हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकांतल्या डबक्यांत राहणारा, तिथे उन्हाने पाणी खारट होतं, पावसाने गोडं होतं, त्यामुळे चिवट आहे, पण उघड्यावर पोहतो आणि मासे लगेच उचलतात. वस्ती बसवायची असेल तर टिस्बे बरा, लहान असतो आणि फटींत घुसून बसतो.

भर दुपारी लाईट-पंप चालू असताना बाटली ओतणं म्हणजे माशांना पार्टी. आधी बाटली अर्धा तास टँकमध्ये तरंगत ठेवा, रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा बघा, फरक जास्त असेल तर टँकचं पाणी थोडं थोडं मिसळा. मग लाईट गेल्यावर रिटर्न आणि वेव्हमेकर हे पंप तासभर बंद करून नळीने खडकाच्या बुडाशी सोडा. अर्धे रेफ्युजियममध्ये (टँकला जोडलेला, मासे नसलेला वेगळा कप्पा) चीटो या शेवाळाच्या गुंत्यात टाका, तिथे मासे नाहीत, खरी पैदास तिथेच होते. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी पिशवी) आणि यूव्ही दिवा एकदोन दिवस बंद ठेवा. पंप परत चालू करायला मात्र विसरू नका!

आता पॉड्सचं खाणं. नायट्रेट-फॉस्फेट (यांवरच त्यांचं खाणं असलेलं शेवाळ वाढतं) शून्यावर आणून ठेवायचं, जीएफओ (फॉस्फेट शोषणारा फिल्टरचा माल) भरभरून घालायचं आणि पॉड्स का वाढत नाहीत म्हणून विचारायचं, हे एसपीएसवाल्यांचं (बारीक पॉलिपचे कठीण प्रवाळ पाळणाऱ्यांचं) नेहमीचं. लाईव्ह फायटो (पाण्यात तरंगणारं जिवंत सूक्ष्म शेवाळ) द्या पण थोडं, पाणी हिरवं होईपर्यंत ओतलं की तेच सडून नायट्रेट वाढवतं. फायटोची बाटली फ्रिजमध्ये ठेवा, रोज हलवा कारण तळाला गाळ बसतो, आणि कुजका वास आला तर सरळ फेकून द्या.

औषधांचं तर लोक विसरूनच जातात. कॉपर (तांब्याचं औषध) डिस्प्ले म्हणजे मुख्य टँकमध्ये घातलं तर पॉड्स गेलेच समजा, माशाचा उपचार वेगळ्या टँकमध्येच. अॅक्रोपोरा प्रवाळावरच्या रेड बग्ज या परजीवींसाठी मिल्बेमायसिन देतात, पण रेड बग हाही एक कोपेपॉडच, त्यामुळे ते औषध चांगल्या पॉड्सनाही सोडत नाही. नंतर नव्याने सोडावे लागतात.

मुंबई-पुण्यात एप्रिल-मे मध्ये कुरियरने मागवत असाल तर बाटली दुपारभर गाडीत तापते, ते टाळता आलं तर बघा. आल्यावर आधी उजेडासमोर धरा, झटके देत हलणारे ठिपके दिसायला हवेत. नुसता तळाला साका आणि घाण वास असेल तर टँकमध्ये ओतू नका, फोटो-व्हिडिओ काढून विक्रेत्याला पाठवा.

आणि पॉड्स आहेत की नाहीत हे दिवसा बघून ठरवू नका. लाईट जाऊन दोनेक तास झाले की टॉर्च काचेला तिरका लावा, पांढरे ठिपके सरकताना दिसतील, भिंग असेल तर मादीच्या शेपटीजवळ अंड्यांची पिशवीही दिसते. वाकडे, कोळंबीसारखे, आकाराने मोठे दिसले तर ते अँफिपॉड, मँडरिनच्या चिमुकल्या तोंडात मोठे अँफिपॉड जात नाहीत, त्यांना धरून हिशोब करू नका.