कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या मुलाला नेहमीच्या शाळेत कसं शिकवावं?

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्या मुलाला आवाज पोचवणारं मशीन: एक भाग ऑपरेशनने कानाच्या आत बसवतात, दुसरा बाहेर कानामागे लावतात. ऑपरेशननंतर दोन-चार आठवड्यांनी मशीन सुरू होतं आणि नातेवाईक विचारू लागतात, "मग, बोलायला लागला का?" मशीन आवाज पोचवतं, त्याचा अर्थ लावायला मात्र शिकवावं लागतं. तिसऱ्या वर्षी ऐकू लागलेलं मूल चार वर्षांचं झालं, तरी त्याचं ऐकण्याचं वय एकच वर्ष असतं. शिक्षकांनी पालकांना हे वय आधी विचारावं.

रोज सकाळी प्रार्थनेआधी मशीन तपासा. बॅटरी, वायर, डोक्यावरची कॉइल (चुंबकाने चिकटणारी गोल चकती) पाहा. मग मुलाच्या मागे उभं राहून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज क्रम बदलत काढा. ओठ दिसता कामा नयेत. मोठं मूल आवाज परत म्हणेल, लहानगं ऐकू आला की डब्यात मणी टाकेल. ऊ आणि म खालच्या पट्टीतले, श आणि स वरच्या. कालपर्यंत ऐकू येणारा स आज येत नसेल तर मुलाला रागावू नका. बॅटरी बदला, माइकचं कव्हर पाहा. तरी फरक नाही? ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) कळवा, कदाचित मॅपिंग, म्हणजे मुलाला मानवेल अशी मशीनची जुळणी, बदलावं लागेल. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते राहिलं तर मूल दिवसभर वर्गात नुसतं बसून राहतं.

'पहिल्या बाकावर बसवा' हा सल्ला अर्धाच आहे. सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या शाळेच्या खिडकीबाहेर यंत्रमाग खडखडत असतात, उन्हाळ्यात डोक्यावर पंखा. गोंगाटातून बोलणं वेगळं काढणं इम्प्लांटला जड जातं. म्हणून खिडकी-पंख्यापासून दूर बसवा, इम्प्लांटचा कान शिक्षकांकडे ठेवा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. मागच्या बाकावरून आलेलं उत्तर स्वतः पुन्हा म्हणा. आणि "समजलं का?" असं विचारू नका, मूल मान डोलावणारच. "आता कोणतं पान काढायचं?" असं विचारा.

घरी तेलुगू किंवा कन्नड असेल तर 'फक्त मराठी बोला' असं सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. आई-आजी ज्या भाषेत मोकळेपणी बोलतात, रागावतात, गोष्ट सांगतात, तीच बोलू द्या. अडखळत बोललेल्या मराठीतून मुलाला मोजकेच शब्द मिळतील. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, नेणार असाल तर आधीच नंदीध्वज, पाळणा, गर्दी यांवर बोला. परत आल्यावर वहीत चित्र चिकटवा आणि तेच त्याच्याकडून वदवून घ्या. पंधरवडाभर तेच बोला. एकदा ऐकलेला शब्द टिकत नाही.

खुणांची भाषा शिकवावी का, यावर वाद आहेत. अंघोळीला, झोपताना मशीन काढलेलं असतं, तेव्हा मूल काहीच ऐकत नाही. चार खुणा येत असल्या तर बिघडलं काय?

कागदपत्रांचं थोडक्यात: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वर्षं वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत जादा वेळ आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचीही तरतूद त्यात आहे. अर्ज परीक्षेच्या तोंडावर नको, वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेत द्या.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि घामाने मशीन बिघडतं. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवा, आणि जादा बॅटरी दप्तरात कुठे आहे हे वर्गशिक्षकांना दाखवून ठेवा.