तुळजापूर चालत झालंय म्हणून राजगड-तोरणा-रायगड एकट्यानं? आधी या चुका टाळा

कोजागिरीला सोलापुरातनं तुळजापूरला चालत जाणारे हजारो हायत, आणि त्यातलेच काहीजण थंडी पडली की म्हणतेत आता राजगड-तोरणा-रायगड हा तीन गडांचा, काही दिवसांचा पायी ट्रेक एकट्यानंच करतो, रात्रीत ४५ किलोमीटर होतंय तर ह्याला काय. होतंय की. पण तुळजापूरचा रस्ता डांबरी, पाठीवर काही नाही आणि जागोजागी कुणीतरी चहा-फराळाला बोलवतच असतंय. इथं पाठीवर दहा-बारा किलो आणि तासन् तास माणूस दिसत नाही.

पहिली चूक इथंच होते, किलोमीटर मोजायचे. डोंगरात चढ-उतार मोजायचा. जुना ठोकताळा असाय की सपाटीला तासाला ५ किमी धरायचे आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वरनं, आणि तो पण तयारीच्या माणसाचा, सॅक असली की अजून वाढवा. राजगडाच्या संजीवनी माचीवरनं तोरणा समोरच दिसतंय, वाटतंय दोन तासात पोचू, पण अळू दरवाजातनं उतरून सोंड म्हणजे डोंगराची धार धरून पुन्हा बुधला माचीला चढायचं असतंय आणि तोरणा हाय १,४०३ मीटर. अख्खा दिवस धरा, उजाडताना निघा.

आता सोलापुरात चढ कुठाय म्हणाल तर बिल्डिंगचा जिना हाय. सॅक भरून चढा, आणि मेन म्हणजे लिफ्टनं खाली येऊ नका, उतरा पायानंच. मांड्या भरून येतेत त्या जास्त करून उतारानं, आणि त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलायला लागतेत, पहिल्या संध्याकाळी माणूस एकदम खुश असतंय. दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील तर घाबरू नका, हळू चाला, काठी घ्या. पण एकच गुडघा सुजला किंवा कळ मारायला लागला तर पुढचा गड विसरा.

चादर नेऊ नका! वाईट वाटतंय लिहिताना, पण सोलापुरी चादर सुती, वजनाला जड, दवात भिजली की दिवसभर पाठीवर ओलीच राहते. जीन्सचं पण तेच.

खाण्यात मात्र आपण बाकीच्यांपेक्षा पुढं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, हलकं, टिकाऊ, गॅस नको काही नको. फक्त भाकरी मोजून घेतेत आणि पाणी विसरतेत, कडक भाकरी कोरड्या घशाखाली उतरत नाही. गडावरच्या दगडात खोदलेल्या टाक्यांवर भरोसा ठेवू नका, मार्चनंतर बऱ्याच आटतेत नायतर पाणी खराब होतंय, गावातनंच भरून निघा. आणि आपल्याला उन्हाची सवय हाय ही वेगळीच गंमत, आपलं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो. रायगडाच्या बाजूला कोकणात उतरलं की हवा दमट, घाम नुसता गळत राहतो, अंग थंड होत नाही आणि त्यात नुसतं पाणीच पित राहिलं की मळमळतंय, डोकं धरतंय. ओआरएसची पाकिटं ठेवा.

बूट नवे नकोत, नखं कापून जा. पायाला कुठं चटका लागल्यासारखं वाटलं की तिथंच थांबून टेप लावा, पुढच्या थांब्याला बघू म्हणलं की फोड आलाच समजा. सेंट मारून जाऊ नका, गडावर आग्यामोहोळ असतंय.

एकट्यानं जाताना घरी "पोचलो की फोन करतो" म्हणायचं ही अजून एक चूक, कारण रेंज नसली की आई रात्रभर जागी. त्यापेक्षा लिहून द्या, अमुक दिवशी अमुक वेळेपर्यंत फोन नाही आला तर ११२ ला कळवा, वाट अशी अशी हाय. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात, तोरण्याहून रायगडाला जाताना लागणाऱ्या मोहरी गावात पण सांगून पुढं जा. गडावर मुक्काम करता येतोय का याची आधीच चौकशी करा, नियम बदलत असतेत.

मोहरीवरनं खाली उतरायला बोराट्याची नाळ एकट्यानं नको, दगडधोंड्यांचा उभा उतार हाय, गावातला माणूस पैसे देऊन सोबत घ्या, तेवढ्यापुरतं एकट्यानं नाही झालं तरी चालतंय. आणि तोरण्यावरच पाय बोलायला लागले तर मोहरीकडं वळूच नका, सरळ पायथ्याच्या वेल्ह्याला उतरा, तिथनं पुण्याला एसटी मिळते.