लाइव्ह रॉक घेताना रंग बघू नका, वजन बघा

खाऱ्या पाण्यातले मासे ठेवायच्या माझ्या पहिल्या टँकसाठी मी उचललेला लाइव्ह रॉकचा दगड जांभळाजर्द होता. बाकीचे तपकिरी, ओबडधोबड, आणि हा असा नटलेला. हातात घेतला तर वरवंट्यासारखा जड. जड म्हणजे दणकट, असं मला तेव्हा वाटलं. विकणाऱ्याने ‘पूर्ण क्युअर केलेला आहे’, म्हणजे कुजणारं सगळं काढून शुद्ध केलेला, असंही सांगितलं. चौथ्या दिवशी टँकचं झाकण उघडलं तर सडक्या अंड्यांचा भपकारा आला आणि अमोनियाच्या टेस्ट किटचं पाणी, जे पिवळं राहायला हवं, ते गर्द हिरवं झालं.

लाइव्ह रॉक हे नावच फसवं आहे. दगड जिवंत नसतो, तो असतो मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. जिवंत असतं ते त्याच्या अंगावर आणि छिद्राछिद्रांत राहणारं. बाहेरच्या थरातले जिवाणू माशांनी सोडलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत खोलवर, जिथे ऑक्सिजन जेमतेम पोचतो, तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. थोडक्यात, पैसे मोजायचे ते छिद्रांचे. जांभळा रंग कोरलाइन शेवाळाचा. दिसतो छान, पण दगड आतून कसा आहे हे त्यावरून काहीच कळत नाही.

म्हणून साधारण एकाच आकाराचे दोन दगड दोन हातांत घ्या आणि हलका तो ठेवा. कोरडा, म्हणजे जिवाणू नसलेला सुकलेला दगड असेल तर त्यावर थोडं पाणी टाकून बघा. चटकन शोषलं गेलं तर चांगलं, ओघळून गेलं तर दगड ठोस आहे. दर दहा लिटरला एक किलो हा हिशेब सगळे सांगतात, पण भरपूर छिद्रं असलेला हलका दगड त्याहून कमी लागतो आणि ठोस दगड दुप्पट भरूनही भागत नाही. आकार वेडेवाकडे, फांद्या-कपारी असलेले घ्या. गोटे घेतलेत तर रचल्यावर नुसता ढीग दिसतो.

मग वास. दगड नाकाजवळ नेऊन हुंगायला लाजू नका. ओल्या समुद्रकिनाऱ्यासारखा वास ठीक. कुजका वास किंवा अंगावर पांढरट बुळबुळीत थर म्हणजे आतले जीव अजून मरतायत. ‘क्युअर्ड’ शब्दावर विसंबू नका; शक्य असेल तर ज्या टबात दगड ठेवलेत त्याच पाण्याची अमोनिया टेस्ट करा. मी आता किट खिशात घेऊनच जातो, लोक हसतात.

टॉर्च घेऊन कपारींत डोकवा. पारदर्शक तपकिरी, इवल्याशा माडासारखं काही दिसलं आणि बोट लावताच आत गेलं तर तो ऐप्टेशिया, भराभर पसरणारा उपद्रवी समुद्रफूल-जीव. तो दगड सरळ परत ठेवा, कारण खरवडला तर उरलेल्या तुकड्यांतून नवे उगवतात. काचेच्या हिरव्या मण्यांसारखं बबल शेवाळ असेल तरी नको. केसाळ पायांचा, काळ्या नांग्यांचा खेकडा दिसला तर बाहेर काढा. ब्रिसल वर्मला, म्हणजे काटेरी केसांच्या किड्याला, मात्र बिचाऱ्याला उगाच बदनाम केलंय, बहुतेक जाती सफाई कामगारच असतात. फक्त हातमोजे घाला, काटे बोटांत रुततात. रात्री टँकमधून ‘टक्’ असा आवाज आला तर मँटिस श्रिम्प किंवा पिस्टल श्रिम्प आलाय. पिस्टल राहू द्या, मँटिस शोधून काढा, तो शिकारी असतो. एरवीपेक्षा खारट, १.०३५ च्या पुढच्या सापेक्ष घनतेच्या पाण्यात दगड मिनिटभर बुडवला की बरेच पाहुणे आपणहून बाहेर पळतात.

कीड मारायला दगड उकळायचा विचार कधीही करू नका. दगडावर वाढणाऱ्या काही झोअँथिड या प्रवाळासारख्या जीवांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, ते वाफेबरोबर हवेत येतं आणि यामुळे अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेली आहेत.

घरी आणल्यावर थेट टँकमध्ये नाही. मोठा टब, १.०२५ सापेक्ष घनतेचं खारं पाणी, २५ अंशांच्या आसपास तापमान, पाणी खेळतं ठेवणारा जोरदार पंप (पॉवरहेड), आणि दिवा बंद, म्हणजे शेवाळ माजत नाही. मेलेलं ते ब्रशने काढा, दर आठवड्याला निम्मं पाणी बदला. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत थांबायचं. काही आठवडे जातात.

आता मी नवीन माणसाला बहुतेक दगड कोरडे घ्या असंच सांगतो. कीड येत नाही आणि समुद्रातला रीफही सहसा ओरबाडला जात नाही. दगडी प्रवाळ सायटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे समुद्रातून आलेला लाइव्ह रॉक घेताना कागदपत्रं मागाच. कोरड्या दगडातून कधीकधी शेवाळ वाढवणारं फॉस्फेट झिरपतं, तेवढं तपासा. जिवाणूंच्या विरजणासाठी एक-दोन चांगले जिवंत दगड पुरतात, बाकीच्यांवर वसाहत हळूहळू पसरते.

रचताना खालचे दगड काचेच्या तळावर टेकवा, वाळू नंतर टाका. वाळूवर ठेवले तर गोबी मासा खालून उकरतो आणि एके रात्री सगळं कोसळतं. माझा तो पहिला जांभळा दगड महिनाभर टबात ठेवून शुद्ध केला, आता तो सगळ्यात तळाशी आहे. तिथे त्याचं वजन कामी येतं. रंग कधीच गेला, उजेडच पोचत नाही.