बोलेरोची थरथर: माझा अनुभव

मानपूरच्या घाटात क्लच गेल्यामुळे आमची बोलेरो पुढची चाके उचलून इंदूरला ओढून आणावी लागली. मागच्या चाकांवर चालणारी गाडी अशी ओढली की मागची चाके प्रोपेलर शाफ्टमार्फत (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब फिरता दांडा) गिअरबॉक्सचा बाहेरचा दांडा फिरवत राहतात. इंजिन बंद असल्याने आतले तेल मात्र उडत नाही आणि बेअरिंगे कोरडी पडतात. म्हणून ओढणाऱ्याने शाफ्ट काढून ठेवला, हे योग्यच केले.

क्लच नवा बसला आणि बायपासवर साठच्या पुढे जाताच आसनाखाली घरघर सुरू झाली. मिस्त्रींनी आधी चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले (ते पैसे पाण्यात गेले). स्टिअरिंग स्थिर होते, म्हणजे पुढच्या चाकांचा दोष नसावा. सत्तरला गाडी न्यूट्रल करून पाहिली. इंजिनचे फेरे उतरले, पण थरथर तशीच राहिली, तेव्हा संशय शाफ्टवरच आला.

शाफ्टच्या सरकत्या जोडावरचा चिखल रॉकेलने पुसल्यावर जुळवणीच्या खुणेचे दोन बाण दिसले, पण ते समोरासमोर नव्हते. ओढण्याआधी शाफ्ट काढताना जोड सुटून आला असावा आणि परत बसवताना त्याचे दाते चुकले असावेत. त्यामुळे शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारे सांधे) एका पातळीत राहिले नव्हते आणि एकाने निर्माण केलेला वेगातला चढउतार दुसऱ्याकडून पुसला जात नव्हता. बाण जुळवून शाफ्ट बसवला, फ्लँजचे चार बोल्ट आवळले आणि त्याच बायपासवर ऐंशीला गाडी शांत धावली.