कोल्हापूर जिल्ह्यात मानसिक आरोग्याच्या कामाची मोट बांधायची कशी (पैसा कमी, माणसं त्याहून कमी)

कोल्हापुरात मानसिक आरोग्याच्या सेवाच नाहीत असं कोण म्हणत असेल तर ते अर्धंच खरं आहे. सीपीआरला (कोल्हापुरातलं मोठं सरकारी रुग्णालय) मानसोपचार विभाग आहे, शासनाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, खाजगी सायकियाट्रिस्ट आहेत, व्यसनमुक्तीवाले आहेत, एएच्या (दारू सोडलेल्यांचा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस गट) मिटिंगा होतात, छोट्या-मोठ्या संस्था समुपदेशन करतात. घोळ असा की यातला प्रत्येकजण आपापल्या जागी राबतोय पण शेजारचा कुठल्या वारी काय करतो ते कुणालाच धड माहिती नसतं, आणि पेशंट बिचारा या सगळ्यांच्या दारातून फिरून शेवटी घरी बसतो नाहीतर देवऋष्याकडं जातो. म्हणून हे सगळं एका सुतात आणायचं काम कुणीतरी अंगावर घ्यायला लागतं. ते कसं घ्यायचं ते लिहितोय, तुमची संस्था दोन माणसांची असली तरी चालेल.

आधी साहेब किती ते समजून घ्या

सीपीआर मेडिकल कॉलेजला जोडलेलं, म्हणजे ते वैद्यकीय शिक्षण खात्याकडं. पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्रं), उपकेंद्रं आणि आशाताई जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडं. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं सिव्हिल सर्जनकडं. शहरातले दवाखाने महापालिकेकडं आणि इचलकरंजीची आता २०२२ पासून वेगळी महापालिका. त्यामुळं एका साहेबाला पत्र दिलं आणि जिल्हा हलला असं होत नाही, एकाच मजकुराचं पत्र सगळीकडं द्या आणि प्रत्येकावर बाकीच्यांची नावं 'प्रत माहितीसाठी' म्हणून खाली टाका, दुसऱ्यालाही पत्र गेलंय हे दिसलं की फाईल जरा लवकर पुढं सरकते. पोच घ्यायला विसरू नका.

मोठी मिटिंग नको, यादी करा

बहुतेक लोक काय करतात, हॉल घेतात, बॅनर लावतात, 'समन्वय परिषद' भरवतात, चहा-बिस्किट होतं, फोटो होतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा नंबर कुणाकडं नसतो. त्याऐवजी पहिला महिना नुसता फिरा आणि फोन करा. एका कागदावर बसेल एवढी यादी करायची. प्रत्येक ठिकाणाबद्दल विचारायचं ते एवढंच: ओपीडी खरोखर कुठल्या वारी, किती वाजेपर्यंत केसपेपर काढतात, फी किती, ॲडमिट करून घेतात का, फोन कोण उचलतं (संस्थेचा नंबर नको, उचलणाऱ्या माणसाचा), आणि आज गोळ्या कुठल्या शिल्लक आहेत. शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट, लिथियम, फ्लुऑक्सेटिन एवढ्या पाच गोळ्यांचा साठा दर पंधरा दिवसांनी फोनवर विचारून यादीत टाकला तरी चंदगडच्या माणसाची शंभर-सव्वाशे किलोमीटरची फुकट खेप वाचते.

चंदगडवरून आठवलं, यादी जिल्ह्याच्या हद्दीत कोंबू नका. चंदगडची माणसं बेळगावला जातात, ते त्यांना जवळ आहे. शिरोळ-जयसिंगपूरची मिरज-सांगलीला जातात. कागदावर ते 'आपल्या' जिल्ह्यातले पेशंट असले तरी गोळ्या तिकडच्या चालू असतात, म्हणून तिकडचे डॉक्टर पण यादीत पाहिजेतच. प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्याला जवळचं म्हणजे रत्नागिरी, आंबा घाट उतरून. तिथला नंबर आणि भरतीला काय कागद लागतात तेही आधीच विचारून ठेवा, रात्री अकरा वाजता शोधाशोध नको.

सगळा समन्वय रेफर चिठ्ठीत असतो

माझं मत स्पष्ट आहे, समन्वय म्हणजे मिटिंग नाही, समन्वय म्हणजे 'आपण पाठवलेला माणूस तिकडं पोचला का' हे कळणं. नेहमीचा प्रकार बघा. शिरोळ तालुक्यातला एक पोरगा समजा, चोविशीतला, पहिल्यांदाच आवाज ऐकू यायला लागलेत. आशाताईनं हेरलं, पीएचसीनं चिठ्ठी दिली, सीपीआरला दाखवलं, गोळ्या चालू झाल्या, महिन्यात पोरगा जेवायला-बोलायला लागला. मग आई म्हणते, "आता बरा हाय की ओ ताई, कशाला रोज त्या गोळ्या, नुसता झोपतोय." गोळ्या बंद. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि ह्या वेळी घरच्यांचा डॉक्टरवरचा विश्वास पण उडालेला. यात कुणीच कामचुकारपणा केलेला नाही. फक्त पुढची तारीख चुकली हे कळवायचं कुणाचं काम, हे ठरलेलं नव्हतं.

म्हणून चिठ्ठी कार्बन टाकून तीन प्रतीत करा. एक पेशंटकडं, एक पाठवणाऱ्याकडं, एक समन्वय करणाऱ्याकडं. चिठ्ठीवर पुढची तारीख, गोळ्या किती दिवसांच्या दिल्या आणि घरातल्या कुठल्या माणसाशी बोलायचं (मोबाईल पोराचा असतो, पण ऐकतात आत्याचं, असं असतं) हे तीन रकाने पाहिजेतच. समन्वय करणाऱ्यानं गोळ्या संपायच्या चार दिवस आधी आशाताईला एक मेसेज टाकायचा, तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी घरी फोन. सॉफ्टवेअर लागत नाही, साधी एक्सेल पुरते, तेही जमत नसेल तर शंभर पानी वही आणि तारखेप्रमाणं पानं.

विष घेतलेले पेशंट

ह्याच्यावर जरा थांबूया कारण सगळ्यात मोठी गळती इथं आहे. तणनाशक नाहीतर कीटकनाशक पिऊन माणूस कॅज्युअल्टीत येतो, मेडिसिनवाले जिवाची बाजी लावून वाचवतात आणि पोट-फुप्फुस ठीक झालं की डिस्चार्ज. मनाचं कुणी विचारलेलंच नसतं. घरच्यांना पोलीस केसची भीती, म्हणून तेही 'चुकून प्यायला' म्हणून मोकळे होतात. त्यांना सांगायचं की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणं असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला मदत द्यायची जबाबदारी सरकारची आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमच ठेवलेलं नाही. एवढं ऐकलं की निम्मी माणसं खरं बोलायला लागतात.

डब्ल्यूएचओनं ५ देशांत एक अभ्यास केला होता, आपलं चेन्नई त्यात होतं. अशा पेशंटशी डिस्चार्जच्या आधी तासभर नीट बोलायचं आणि मग १८ महिन्यांत ९ वेळा फोन किंवा भेट, बस एवढंच. ज्यांना हे मिळालं त्यांच्यात पुढं आत्महत्येनं झालेले मृत्यू ०.२ टक्के, आणि ज्यांना नेहमीची ट्रीटमेंट मिळाली त्यांच्यात २.२ टक्के. ह्याला सायकियाट्रिस्ट लागत नाही, ट्रेनिंग घेतलेला सोशल वर्कर लागतो आणि एक फोन. म्हणून हातात एकच माणूस असेल तर त्याला शाळेत भाषणं द्यायला पाठवू नका, त्याला वॉर्डच्या सिस्टरांशी ओळख करून द्या आणि आठवड्यातून दोन-तीनदा राऊंड मारायला सांगा. वॉर्डमधल्या सिस्टर एकदा आपल्या झाल्या की त्याच फोन करून सांगतात, "या, एक पेशंट आहे तुमचा."

माणसं कमी, मग काम वाटा

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नव्हते. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ लाच ३८ लाखांवर होती, सायकियाट्रिस्ट मोजायला गेलं तर बोटं पुरतात म्हणा ना. तेव्हा त्यांचा वेळ फक्त त्यांनाच जमणाऱ्या कामाला: निदान, गोळ्या ठरवणं, अडलेली केस. चालू गोळ्यांचा फॉलोअप ट्रेनिंग झालेल्या पीएचसी डॉक्टरनं करायचा, अडलं तर फोनवर विचारायचं. उपकेंद्राचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि आशाताई ओळखणार आणि आठवण करणार. आशाताईंवर आधीच पंचवीस रजिस्टरं लादलीत, सव्विसावं देऊ नका, फक्त मेसेज घ्या.

रात्री-अपरात्री टेली मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट आणि मराठीत. १० ऑक्टोबर २०२२ ला चालू झालं तरी गावात अजून फार जणांना माहिती नाही. हा नंबर पोस्टरवर छापून पीएचसीच्या भिंतीला लावण्यापेक्षा गावच्या दूध संस्थेत लावा, तिथं घरातलं कुणी ना कुणी सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन येतंच.

तालीम मंडळं विसरू नका, पेठांतली पोरं तालमीतल्या वस्तादांचं ऐकतात, आपलं नाही. दारूच्या केसमध्ये तर वस्ताद एकदा घरी येऊन बसले तरी फरक पडतो. एमएसडब्ल्यूची (समाजकार्य शिकणारी) पोरं फील्डवर्कला मिळतात, कोल्हापूरच्या सायबर कॉलेजमधून वगैरे, पण त्यांची परीक्षा आली की ती गायब, म्हणून ज्या पेशंटला दोन वर्षं धरून ठेवायचंय तो त्यांच्याकडं देऊ नका. यादी अपडेट करणं, फोन करणं, कॅम्पला गर्दी सांभाळणं हे द्या. आणि स्वयंसेवकानं गोळ्या कमी-जास्त करायचा सल्ला द्यायचा नाही म्हणजे नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

ग्रुप आणि महिन्याची बैठक

महिन्यातून एकदा, ठरलेला वार, एक तास, सहा-सात जण. भाषण बंद. फक्त अडलेल्या तीन-चार केसेस आणि 'पुढचं कोण, कधीपर्यंत'. व्हॉट्सॲप ग्रुप पाहिजेच, पण गुड मॉर्निंग चालणार नाही आणि पेशंटचं नाव, फोटो, केसपेपर तर अजिबात नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणं गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे, आणि गाव लहान असतं, नाव बाहेर गेलं की पोरीचं लग्न मोडतं इतकं हे सरळ आहे. पेशंटचा आपल्या वहीतला नंबर टाकायचा, "शिरोळ १४ ची तारीख उलटली" एवढं पुरतं.

पोलिसांचा एक माणूस बैठकीला येईल असं बघा. स्टँडवर, देवळाच्या आवारात फिरणारे जे असतात त्यांच्यासाठी त्याच कायद्याचं कलम १०० आहे: पोलिसांनी ताब्यात घेतल्यापासून २४ तासांत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. घरात साखळीनं बांधलेलं आढळलं तर तेही बेकायदा आहे, पण तिथं आधी घरच्यांशी बोला. बहुतेक वेळा आई-बाप थकलेले असतात, दुष्ट नसतात.

पैशाचं

सगळे एकाच कंपनीच्या दारात वेगवेगळे अर्ज घेऊन उभे राहतात आणि कुणालाच धड मिळत नाही. चार संस्थांनी मिळून एक प्रस्ताव करा, हिशेब एकाच संस्थेनं ठेवायचा, वाटणी आधीच कागदावर. शिरोली-गोकुळ शिरगाव-कागलच्या एमआयडीसीत विचारा. वर्षाला ५ कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपनीला २ टक्के सीएसआर (समाजकामावरचा खर्च) करायलाच लागतं, आणि आरोग्य त्यात बसतं. साखर कारखाने, पतसंस्था, बँका यांना पण नफ्यातून धर्मादायाला रक्कम काढायची सोय असते, त्यांच्या वार्षिक सभेच्या आधी भेटा, नंतर नाही.

आता खरी गोची सांगतो. देणाऱ्याला शिबिर पाहिजे, बॅनर पाहिजे, फार तर नोंदी ठेवायला टॅब देतो. पगाराला कुणी देत नाही. पण हे सगळं चालतं ते एका अर्ध्या वेळच्या माणसाच्या फोनवर, म्हणून प्रस्तावात पगार हा शब्द लपवू नका, पहिल्या ओळीत टाका, 'वर्षभर इतक्या पेशंटच्या तारखा सांभाळायचा खर्च' म्हणून. त्याच्या खाली एसटीचं भाडं. गोळ्या फुकट असूनही पेशंट येत नाही ते बऱ्याचदा भाड्यापायी, आणि सोबत येणाऱ्याचा रोजगार बुडतो त्यापायी. ज्यांचा आजार जुना आणि जड आहे त्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र काढून द्या, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे, मग एसटी सवलत आणि निराधार योजनेचा रस्ता मोकळा होतो. ह्याला तुमचा एक रुपया लागत नाही, फक्त हेलपाटे लागतात.

माणूस सोडून गेला की

कंत्राटी पोस्ट आहेत, माणसं जाणार. त्याला शिव्या घालून उपयोग नाही. समन्वयाचा मोबाईल नंबर संस्थेच्या सिमवर ठेवा, माणसाच्या नको. जाणाऱ्यानं नव्याला सोबत घेऊन निदान अवघड घरांत तरी जाऊन यायचं, "आता ह्या ताई येतील" हे त्यानंच सांगायचं. नाहीतर नवीन माणसाला दारातूनच परत पाठवतात.

आणि पावसाळा. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा आपण बघितलंय, पंचगंगा पात्राबाहेर आली की शिरोळ, आंबेवाडी-चिखली सगळं तुटतं, गोळ्या घरात राहतात आणि माणसं कॅम्पमध्ये. मिरगी आणि सिझोफ्रेनियाच्या गोळ्या अचानक बंद पडल्या तर कॅम्पातच त्रास उभा राहतो. तेव्हा नदीकाठच्या गावांतले चालू पेशंट वेगळ्या पानावर काढा, डॉक्टरांशी बोलून त्यांना जूनमध्येच दोन महिन्यांचा साठा मिळवून द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत केसपेपरची झेरॉक्स आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट घालून आधारकार्डासोबत ठेवायला सांगा, आणि त्या पानाची एक प्रत तहसीलच्या आपत्ती कक्षात नाही तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं बंद पाकिटात द्या, म्हणजे कॅम्पला कुठला डॉक्टर जाणार ते त्यांना आधीच ठरवता येतं.